हरळीवाल्याचा दिवस

पहाटे साडेपाच. मार्गशीर्ष लागला की नाशिकची थंडी कानात शिरते. कानटोपी चढवून मी गोल्फ क्लबवर फेऱ्या मारायला येतो. बाहेरगावच्या माणसाला इथे आधी खुलासा करावा लागतो, की गोल्फ क्लबवर गोल्फ नाही. इंग्रजांच्या वेळी होता, आता क्रिकेट आहे. रणजीचे सामने इथे झालेत, आणि कडेने आमच्यासारख्यांना चालायला ट्रॅक आहे. पाटीवरचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला कान्हेऱ्यांनी याच गावात, विजयानंद थिएटरात, कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या आणि पुढच्या एप्रिलात ठाण्याच्या तुरुंगात ते फासावर गेले. रिक्षावाल्याला मात्र अजून ‘गोल्फ क्लब’च सांगावं लागतं. साहेबाला मारणाऱ्याचं नाव पाटीवर आणि साहेबाच्या खेळाचं नाव जिभेवर, असं आमचं गाव.

बाकीचे चालताना घड्याळ बघतात, मी गवत बघतो. धंदाच तो. बावीस वर्षं लॉन लावतोय. बंगले, शाळा, आणि गंगापूर रोडची लग्नाची लॉन्स. गोल्फची काठी कधी हातात धरली नाही. पण रात्री मोबाइलवर गोल्फ बघतो. बायको म्हणते, तुम्हाला त्यातलं काय कळतं? खेळातलं नाही कळत, खालचं कळतं.

पावणेसात. मखमलाबाद रोडच्या नर्सरीवर टेंपो भरणं. आदल्या रात्री पाणी दिलेल्या हरळीच्या लाद्या सुटतात चांगल्या, कोरड्या असल्या की मुळापासून फाटतात. आजच्याला काल पाणी द्यायला पोरगा विसरला होता. त्यावर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

साडेआठ. गंगापूर रोडवरचं एक लॉन, नाव नको. बारा दिवसांवर मोठं लग्न. शेठ मैदानात उभे.

“अहो, हे पिवळं का पडलंय? पाणी मारत नाही का तुमची माणसं?”

“पाणी रोज आहे शेठ. हरळी थंडीत झोपते.”

“मग उठवा की!”

हरळी उठत नाही. रात्री गारठ्यात ती वाढ थांबवते, रंग सोडते, मुळं मात्र जिवंत असतात. शेठच्या मोबाइलवर अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलचा फोटो होता, गालिच्यासारखा. “हे बघा, असं पाहिजे.” नेमकं माझ्या आवडीचं मैदान काढलं त्यांनी. म्हटलं, शेठ, तिथेही खाली हरळीच आहे. ते लोक तिला बर्म्युडा म्हणतात. तीही थंडीत पिवळी पडते, म्हणून दरवर्षी पाऊस-ऊन बघून तिच्या डोक्यावर राय गवताचं बी पेरतात. एप्रिलात मास्टर्स स्पर्धेला टीव्हीवर जो हिरवा रंग दिसतो तो त्या पाहुण्या गवताचा. आणि उन्हाळ्यात काही महिने क्लबच बंद ठेवतात. तुम्ही ठेवाल का बंद?

शेठ हसले नाहीत. राय आत्ता पेरलं तर आठवड्यात कोंब दिसतील, पण बाराव्या दिवशी त्यावर हजार खुर्च्या पडल्या तर चिखल उरेल. हिरवा रंग फवारून देणारे लोक आहेत, मी त्यातला नाही. शेवटी ठरलं, स्टेजसमोर नवीन लाद्या आणि बाकी जागेवर कार्पेट.

ऑगस्टावर माझा जीव आहे त्याचं कारण वेगळं. ती मूळची नर्सरी होती, फ्रूटलँड नावाची, बर्कमन्स कुटुंबाची. गोल्फर बॉबी जोन्स आणि मैदानं आखणारा ॲलिस्टर मॅकेंझी यांनी तिथे मैदान आखलं, आणि अठरा होल्सना अठरा झाडाझुडपांची नावं आहेत, मॅग्नोलिया, अझेलिया अशी. मॅकेंझी १९३४ च्या जानेवारीत वारला, पहिली मास्टर्स झाली मार्चमध्ये. आमच्या धंद्यात हे नेहमीचं. आम्ही लावतो, वरात दुसऱ्याची.

सव्वाअकरा. आडगावकडे एक नवा बंगला. मालकांनी शेतातली काळी माती आणून पसरलीय. सुपीक आहे म्हणे. असेल कांद्याला. लॉनला काळी माती म्हणजे पावसात फुगणार, उन्हात भेगाळणार, पाणी वर तुंबून मुळं कुजणार. मूठभर ओली माती घेऊन मालकांसमोर वळून दाखवली. तिची चकलीसारखी लांब वळकटी होते, तुटत नाही. म्हणजे पाणी आतून जायला वाटच नाही. नऊ इंच काढा, खाली मुरूम, वर वाळू-शेणखत-पोयटा. वाळूचा भाव ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

त्यांना सेंट अँड्र्यूजची गोष्ट सांगितली. स्कॉटलंडमधलं ओल्ड कोर्स, गोल्फची पंढरीच. ते कुणी आखलं नाही. समुद्र आणि शेतं यांच्यामधली वाळूची पट्टी, पीक येत नाही म्हणून मेंढरांना सोडलेली. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढरं जिथे खड्डे करून बसत, त्यांचे पुढे बंकर, म्हणजे खेळातले वाळूचे खड्डे, झाले म्हणतात. पाऊस कितीही पडो, पाणी वाळूत गडप. गवत आखूड, जमीन टणक. तिथला म्हातारा टॉम मॉरिस १८६० च्या दशकापासून मैदान सांभाळायचा, त्याचा सगळा भर गवतावर वाळू टाकण्यावर. जगातलं नावाजलेलं मैदान वाळूच्या जिवावर उभं आहे साहेब, तुम्ही दोन ट्रकला कुरकुरता. घेतले त्यांनी दोन ट्रक.

दीड. डबा. भाजी-भाकरी, ठेचा. बायकांचं हातानं हरळी टोचणं चालू आहे, चार बोटांवर एक कांडं. त्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “भाऊ, आख्खा जन्म कांद्यातनं हरळी उपटण्यात गेला. आता तुम्ही पैसे देऊन लावायला सांगता.” बरोबर आहे. शेतात शत्रू, गणपतीला एकवीस दूर्वा, आणि कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिलाच दूब म्हणतात. तो क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना. गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या पट्ट्यावर, गवत तीन मिलीमीटरवर कापतात. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून मावशींना दाखवलं. “एवढंसं? मग गाय काय खाईल?”

चार. वसुली. मार्चचं बिल डिसेंबरात मागायचं म्हणजे आपणच उधारी मागायला आल्यासारखं वाटतं. चहा मिळाला.

सहा. परत गोल्फ क्लब. पोरांची टेनिस बॉलची मॅच संपत आलेली, कडेला आजोबा मंडळी, स्वेटरातली पोरं. सेंट अँड्र्यूजचं ते मैदान सार्वजनिक मालकीचं आहे. रविवारी तिथे गोल्फ बंद असतो आणि गावातली माणसं कुत्री-पोरं घेऊन त्याच गवतावर फिरतात. तुम्हाला नको असेल, पण मैदानाला विश्रांती हवी, असं मॉरिस म्हणायचा म्हणे. अख्ख्या गोल्फमधलं मला पटलेलं हे एक वाक्य. साहेब गेले, काठ्या गेल्या, आणि आमचा गोल्फ क्लब रोजच त्यांच्या रविवारसारखा झाला. फक्त विश्रांतीचा वार तेवढा राहून गेला.

तेव्हा एवढंच, कुठल्याही मैदानावर चार खुंट्या आणि सुतळी दिसली, तर वळसा घालून जा. पंधरा दिवसांत आम्ही सुतळी काढतो.