विळ्या-कोयत्याची धार आणि दगडाची निगा

विळ्याला धार कशी लावावी हे तुम्हाला शिकवायला आम्ही बसलो नाही. तो हात तुमचा लहानपणीच बसलेला. पण हात बसलेल्या मंडळींचीच तक्रार असते, की "विळा तोच, दगड तोच, तरी पहिल्यासारखी धार येत नाही." दोष बहुधा हाताचा नसतो, दगडाचा असतो.

सोयाबीनच्या सुगीत ही गोष्ट महागात पडते. बोथट विळा ताट कापीत नाही, हिसडतो. वाळलेल्या शेंगा त्या हिसड्याने तडकतात आणि दाणे रानातच सांडतात. शिवाय बोथट विळ्याला जोर जास्त लागतो, तो ताटावरून घसरतो आणि डाव्या हाताची करंगळी सापडते.

आता दगड. आपल्या जिल्ह्यात पायाखाली जिकडे तिकडे काळा पाषाण. नळदुर्गचा किल्लाही त्याचाच. बांधावरचा काळा दगड उचलून, पाणी लावून विळा घासायची रीत जुनी आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. बारीक कणांचा काळा दगड शेवटचा हात फिरवायला चांगलाच. पण कठीणपणात हिऱ्याला 10 धरले तर हा दगड 6 च्या आसपास, म्हणजे पाणी दिलेल्या पोलादाच्या बरोबरीचा. बोथट पाते त्यावर घासत बसले तर दिवस मावळायचा! आणि दगडात पांढऱ्या गाठी दिसल्या तर तो टाकून द्यावा. गाठ गारगोटीची निघाली तर तिचा कठीणपणा 7, आणि धारेला खाच पडलीच म्हणून समजा.

बाजारातला करडा, दोन थरांचा दगड बहुधा कार्बोरंडमचा असतो. तो खाणीतला नव्हे. वाळू आणि कोक विजेच्या भट्टीत तापवून हा पदार्थ करतात. 1891 साली अमेरिकेत ॲचेसन यांनी तो शोधला. त्याचा कठीणपणा 9 च्या वर. (कुरुंद हा मात्र निसर्गातला, कठीणपणा 9; इंग्रजीतले कोरंडम हे नाव आपल्याच देशी शब्दावरून गेले आहे.) दगडावर आकडा असेल तर तो पाहून घ्यावा. आकडा लहान तितका दगड खरबरीत, मोठा तितका बारीक. खरबरीत बाजूने आकार काढावा, बारीक बाजूने धार.

इथे पुष्कळांचे चुकते ते तेलात. घरात करडईचे तेल असते, तेच दगडावर ओततात. करडई आणि जवस ही वाळणारी तेले आहेत. हवा लागली की ती चिकट होतात, दगडाची छिद्रे बुजतात, आणि मग दगड कापीत नाही, नुसता घसरतो. असा दगड फेकू नका. डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवावा, मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात ताठ ब्रशने घासावा. पुढे शक्यतो पाणीच वापरावे. घरची विळी ज्या दगडावर लावायची, त्याला तर पाण्याशिवाय दुसरे काही नको.

दुसरी चूक म्हणजे दगड मध्येच झिजवणे. दगडाला पन्हाळी पडली की पात्याचा कोन प्रत्येक घासेला बदलतो आणि धार गोल होते. पेन्सिलीने दगडावर आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात, सपाट शहाबादी फरशीवर पाणी टाकून दगड घासावा. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट झाला. काळ्या दगडाला फरशीवर चाळलेली वाळू पुरते. कार्बोरंडमला वाळू पुरत नाही. त्याला इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पावडर घ्यावी.

कोनाचे माप सोपे आहे. पात्याच्या रुंदीच्या चौथा हिस्सा पाठ दगडावरून उचलली तर कोन सुमारे 15 अंशांचा होतो. तो घरच्या सुरीला योग्य. निम्मी उचलली तर 30 अंश. ऊसतोडीच्या कोयत्याला या दोहोंच्या मधला, पण 30 कडे झुकणारा कोन ठेवावा, नाहीतर धार कांड्यावर दुमडते. वाशी, भूम, कळंबकडून तोडीला जाणाऱ्या मंडळींना हे सांगायला नको. विळ्याचे पाते वाकडे, म्हणून तिथे विळा स्थिर धरून लहान दगड फिरवावा, आणि बोटे दगडाच्या कडेच्या आत ठेवावीत. दातेरी विळ्याच्या दातांना दगड लावूच नये.

विजेच्या चाकाबद्दल थोडे. आम्ही स्वतः एकदा कमानपट्ट्याचा चांगला कोयता बाजारात चाकावर धरायला दिला. पाच मिनिटांत चकचकीत होऊन आला, कड मात्र निळी. निळा रंग म्हणजे उष्णता 300 अंशांच्या घरात गेली आणि पोलादाचे पाणी उतरले. तो कोयता दोन दिवस टिकला नाही. लोहाराकडून पुन्हा शेवटून, पाणी देऊन घ्यावा लागला. चाकावर द्यायचेच असेल तर जवळ पाण्याची बादली ठेवायला लावा, आणि पाते बोटाला चटका देऊ लागले की बुडवायला सांगा.

धार लागली की नाही हे उन्हात पाहावे. पाते सूर्याकडे करून कड निरखावी. जिथे पांढरी चमकती रेघ दिसेल तिथे ती बोथट आहे; खऱ्या धारेवर उजेड थांबत नाही. एका बाजूने घासल्यावर दुसऱ्या बाजूला उलटलेली बारीक कड बोटाला जाणवते. ती बारीक दगडावर दोन्हीकडून हलके हात देऊन काढावी, मगच विळा रानात न्यावा. आणि इतके करूनही बोट कापलेच तर हळद-माती न लावता जखम स्वच्छ पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.