विश्लेषण : शर्यत जिंकली मुंबईच्या जेहानने, विजेतेपद मात्र अठराव्या आलेल्या मिकला! मोसमाच्या अखेरच्या शर्यतीचे गणित काय असते?

मोटर शर्यतींचा मोसम संपत आला की, ‘तो जिंकला, मग विजेता दुसराच कसा?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे सर्वात सोपे उत्तर एका मुंबईकराने जिंकलेल्या शर्यतीत सापडते. ६ डिसेंबर २०२० रोजी बहारीनमधील साखिर येथे फॉर्म्युला-२ मोसमाची शेवटची शर्यत झाली. पहिला आला मुंबईचा २२ वर्षांचा जेहान दारूवाला. त्याच दिवशी मोसमाचे विजेतेपद मिळवले मिक शूमाकरने, आणि तो त्या शर्यतीत आला होता अठरावा.

त्या दिवशी नेमके काय पणाला होते?

फॉर्म्युला-२ ही फॉर्म्युला-१ च्या लगेच खालची पायरी. २०२० मध्ये १२ ठिकाणी मिळून २४ शर्यती झाल्या. शेवटची शर्यत उरली असताना सात वेळच्या जगज्जेत्या मायकल शूमाकरचा मुलगा मिक आघाडीवर होता. ब्रिटनचा कॅलम आयलॉट त्याच्यापेक्षा १४ गुणांनी मागे होता. जेहान या लढतीत कुठेच नव्हता. ‘कार्लिन’ संघाकडून फॉर्म्युला-२ मधला त्याचा तो पहिलाच मोसम होता आणि तोपर्यंत या मालिकेतील एकही विजय त्याच्या नावावर नव्हता.

१४ गुणांची आघाडी म्हणजे किती?

फॉर्म्युला-२ मध्ये तेव्हा शनिवारी मोठी आणि रविवारी छोटी, अशा दोन शर्यती होत. मोठ्या शर्यतीत पहिल्याला २५ गुण. छोटीत पहिल्या आठ जणांना १५, १२, १०, ८, ६, ४, २, १ असे गुण आणि पहिल्या दहांतील ज्याची फेरी सर्वात वेगवान, त्याला आणखी २.

म्हणजे रविवारी आयलॉटला जास्तीत जास्त १७ गुण मिळू शकत होते. मिकला एकही गुण मिळाला नाही असे धरले, तरी आयलॉटपुढे दोनच वाटा होत्या. एक, शर्यत जिंकणे. दुसरी, दुसरा येऊन सर्वात वेगवान फेरीही नोंदवणे. दुसऱ्या वाटेने गुण समान झाले असते आणि समान गुण असतील तर जास्त विजय कोणाचे, हे पाहिले जाते. आयलॉटचे विजय होते तीन, मिकचे दोन. म्हणजे तिथे आयलॉट जिंकला असता. तिसऱ्या क्रमांकाचा मात्र त्याला काहीच उपयोग नव्हता.

मग शर्यतीत काय झाले?

छोट्या शर्यतीत आदल्या दिवशीच्या पहिल्या आठ जणांचा क्रम उलटा करून गाड्या उभ्या केल्या जात. त्यामुळे ब्रिटनचा डॅन टिकटम पहिल्या आणि जेहान दुसऱ्या जागेवरून सुटला. सुरुवातीलाच टिकटमशी झालेल्या रेटारेटीत जेहानचा वेग मोडला आणि मिक दोघांच्याही पुढे निघाला. जेहान तिसरा.

पण सुरुवातीच्या झटापटीत मिकने जोरात ब्रेक दाबला, चाक जागीच अडले आणि टायर रस्त्यावर घासून त्यावर सपाट चट्टा पडला. लोकलने रोज प्रवास करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. डब्याखालून एखादे दिवशी वेगाबरोबर वाढत जाणारी ठकठक ऐकू येते, ती चाकावर पडलेल्या अशाच चट्ट्याची असते. लोखंडी चाक वर्कशॉपमध्ये तासून पुन्हा गोल करता येते. रबरी टायर भर शर्यतीत तासता येत नाही. तो प्रत्येक फेरीत थरथरतो आणि पकड कमी होत जाते. छोट्या शर्यतीत टायर बदलण्याची सक्ती नसते. त्यामुळे इतर कोणी थांबत नसताना जो पिटमध्ये वळतो, तो थेट तळाला जातो. मिकला शेवटी तेच करावे लागले.

जेहानने मात्र आधी टायर जपले. मग टिकटम आणि मिक या दोघांनाही मागे टाकून त्याने आघाडी घेतली आणि सुमारे साडेतीन सेकंदांच्या फरकाने शर्यत जिंकली. त्याच्याच संघाचा युकी त्सुनोदा दुसरा आणि टिकटम तिसरा आला. आयलॉट मागे पडत दहावा आला, म्हणजे शून्य गुण. मिकलाही शून्य. १४ गुणांचे अंतर तसेच राहिले : मिक २१५, आयलॉट २०१.

अठरावा आलेला विजेता, हे न्याय्य आहे का?

शिवाजी पार्कवर क्रिकेट बघत मोठे झालेल्यांना यात नवल वाटू नये. रणजीचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावातील आघाडीवर करंडक मिळतो. इथेही आधीची कमाई शेवटच्या दिवशी कामी आली. मोसमात सर्वाधिक चार शर्यती जिंकणारा रॉबर्ट श्वार्ट्झमन चौथ्या क्रमांकावर राहिला. दोनच विजय मिळवणारा मिक सातत्याने गुण घेत राहिला, म्हणून तो पहिला.

फॉर्म्युला-१ मध्येही असे घडले आहे. २००८ मध्ये ब्राझीलची शेवटची शर्यत फेलिपे मासाने जिंकली. लुईस हॅमिल्टनने शेवटच्या फेरीत, अगदी शेवटच्या वळणांवर पाचवा क्रमांक मिळवला आणि ९८ विरुद्ध ९७ अशा एका गुणाने तो जगज्जेता झाला.

जेहानच्या विजयाचे महत्त्व काय?

फॉर्म्युला-२ मध्ये शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. त्याआधीच्या जीपी-२ मालिकेत करुण चंढोकने विजय मिळवले होते. मुंबईत ‘रेसकोर्स’ म्हटले की महालक्ष्मीचे घोडे आठवतात. गाड्यांच्या शर्यतींसाठी चेन्नई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडा गाठावे लागते. अशा शहरातल्या जेहानने २०११ मध्ये रायोमंड बानाजी यांच्या ‘रायो रेसिंग’मधून कार्टिंग सुरू केले. त्याच वर्षी फोर्स इंडियाच्या ‘वन इन अ बिलियन’ शोधमोहिमेत त्याची निवड झाली आणि युरोपचा रस्ता खुला झाला. युरोपातील चालकांसारख्या सुविधा भारतात नसल्या तरी मेहनतीने आपणही पुढच्या रांगेत लढू शकतो, हे घरच्या लोकांना दाखवायचे होते, असे त्याने साखिरच्या विजयानंतर सांगितले होते.

मग तो फॉर्म्युला-१ मध्ये का पोहोचला नाही?

इथेही उत्तर गुणतक्त्यातच आहे. फॉर्म्युला-१ साठी ‘सुपर लायसन्स’ लागते. त्यासाठी तीन मोसमांत मिळून ४० गुण हवेत. फॉर्म्युला-२ मधील पहिल्या तिघांना ते एकाच मोसमात मिळतात, सातव्याला फक्त ८ आणि दहाव्याच्या पुढे काहीच नाही. २०२० मध्ये जेहान बारावा होता. पुढे २०२१ आणि २०२२ मध्ये त्याने मोन्झा येथे विजय मिळवले, पण दोन्ही मोसमांत तो सातवा राहिला. २०२४ मध्ये तो मासेराटी संघाकडून विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला-ई मालिकेत उतरला. अर्थात, लायसन्स म्हणजे जागा नव्हे. मिक आणि तिसरा आलेला त्सुनोदा २०२१ मध्ये फॉर्म्युला-१ मध्ये गेले, दुसऱ्या आयलॉटला मात्र जागा मिळाली नाही.

पुढच्या वेळी शेवटची शर्यत पाहताना काय लक्षात ठेवावे?

तीन आकडे : आघाडी किती, शर्यतीत जास्तीत जास्त गुण किती आणि गुण समान झाले तर विजय कोणाचे जास्त. शर्यत सुरू होण्याआधी हे मोबाइलवर टिपून ठेवा. मग पहिल्या गाडीइतकेच लक्ष पाचव्या, आठव्या आणि अठराव्या गाडीकडेही जाईल.