भूगर्भांतील धातूंचा शोध

जमीन न खणतां तिच्या पोटांतील धातु कसा ओळखतात, हें आम्ही वाचकांस थोडक्यांत सांगतों. तारेच्या वेटोळ्यांतून दिशा पालटणारा विद्युत्प्रवाह सोडला, कीं त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळें खालील वाहक खनिजांत नवे प्रवाह उत्पन्न होतात. त्यांचें क्षीण क्षेत्र दुसरें वेटोळें टिपतें. कॅनडांत टिमिन्सजवळ १९५९ सालीं विमानांतून अशी खूण मिळाली. १९६३ सालीं जमिनीवर तपासणी झाली, व नोव्हेंबरांत खोल छिद्र पाडतांच तांबें, जस्त व रुपें यांचा विपुल सांठा लागला. मात्र ग्राफाइट व खारें पाणीहि वीज वाहून नेतात. धुक्यास धूर समजणारास अग्नि सांपडत नाहीं. तसाच उतावळ्याचा पैसा येथें मातींत जातो. यंत्र अनुमान देतें. प्रत्यक्ष प्रमाण छिद्रच देतें.