पायथनचं ‘कॉल बाय व्हॅल्यू’ : एक क्रिया, तीन नावं

मागच्या व्याख्यानात आपण फंक्शन कसं लिहायचं ते पाहिलं. आज एकच प्रश्न घेऊ. फंक्शनला लिस्ट दिली की नक्की काय दिलं जातं? लिस्टची प्रत, की लिस्टच?

पायथनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडा. ट्यूटोरियलमध्ये शब्द आहे ‘कॉल बाय व्हॅल्यू’. लगेच कंसात खुलासा येतो, की इथे व्हॅल्यू म्हणजे ऑब्जेक्टचा रेफरन्स. त्याच्या तळटीपेत म्हटलंय, ‘कॉल बाय ऑब्जेक्ट रेफरन्स’ हे वर्णन जास्त बरं ठरलं असतं. नेहमीच्या प्रश्नांच्या विभागात जा, तिथे तिसराच शब्द: आर्ग्युमेंट्स ‘असाइनमेंट’ने दिली जातात. एक क्रिया, तीन नावं! सी प्लस प्लस शिकून आलेल्यांची इथे जास्त पंचाईत होते. कॉल बाय व्हॅल्यू म्हणजे प्रत, मूळ वस्तूला धक्का नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

शब्द जरा बाजूला ठेवू. आपल्या नागाव-चौलकडची वाडी डोळ्यांपुढे आणा. घरातले तिला ‘आजोबांची वाडी’ म्हणतात, गडी ‘विहिरीकडची वाडी’ म्हणतो. नावं दोन, जमीन एक. गड्याने तिथे आंब्याचं कलम लावलं, तर ते आजोबांच्या वाडीतही लागलंच. पण उद्यापासून गडी दुसऱ्याच जमिनीला ‘विहिरीकडची’ म्हणू लागला, तर आजोबांच्या वाडीतलं पानही हलत नाही. आपण या दोन्ही गोष्टींना ‘बदल’ म्हणतो. सगळा घोळ तिथेच आहे.

हेच पायथनमध्ये लिहू. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात:

वाडी = ['नारळ', 'सुपारी']
माझी = वाडी
माझी += ['आंबा']

आता ‘वाडी’त किती झाडं? तीन. कारण लिस्टच्या बाबतीत += मूळ लिस्टमध्येच भर घालतं. तिसरी ओळ अशी लिहून बघा:

माझी = माझी + ['आंबा']

आता ‘वाडी’त दोनच झाडं राहतात. इथे नवी लिस्ट तयार झाली आणि ‘माझी’ हे नाव तिच्याकडे गेलं. भाषेच्या संदर्भपुस्तिकेत म्हटलंय, की या दोन लिखाणांचा परिणाम सारखा असतो, पण अगदी तोच नसतो. त्या ‘अगदी’मध्ये काय दडलंय, ते आत्ता दिसलं.

तुम्ही म्हणाल, एवढा कीस कशाला? समजा, मच्छीमार सोसायटीसाठी डिझेल परताव्याचा प्रोग्रॅम लिहिताय. सगळ्या बोटींची लिस्ट एका फंक्शनला दिली. कोणाची बिलं यायची राहिलीत ते काढायला फंक्शनने बिलं आलेल्या बोटी लिस्टमधून उडवल्या. पुढे त्याच लिस्टवर परताव्याचा हिशेब केला. झालं! ज्यांनी वेळेत बिलं दिली, तेच यादीतून गायब. प्रोग्रॅम अडकला नाही, एररही आली नाही. पैसे मात्र बुडाले.

उपाय साधा आहे. फंक्शनमध्ये आधी लिस्टची प्रत काढा, नाहीतर नवी लिस्ट बनवून परत द्या. प्रत मात्र वरवरची असते. प्रत्येक बोटीची नोंद स्वतःच एक लिस्ट असेल, तर आतल्या नोंदी दोघांत सामाईकच राहतात. तिथे डीप कॉपी लागते.

मग योग्य शब्द कोणता? १९७०च्या दशकात बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लू ही भाषा घडवली. त्यांनी या पद्धतीला ‘कॉल बाय शेअरिंग’ म्हटलं, म्हणजे वस्तू सामाईक, नावं आपापली. मला हा शब्द सर्वांत नेमका वाटतो. पण डॉक्युमेंटेशनमध्ये तुम्हाला भेटणार ते वरचे तीनच.

म्हणून वाचताना सवय लावून घ्या. ‘बदल’ असा शब्द दिसला की विचारा: वस्तू बदलली, की नाव दुसऱ्या वस्तूकडे गेलं? शंका आली तर ‘इज’ ऑपरेटर वापरा. दोन नावं एकाच वस्तूची आहेत का, ते तो सांगतो. वर सांगितलेल्या दोन्ही ओळी घरी चालवून बघा, प्रत्येकीनंतर ‘इज’ लावा, आणि उत्तर वेगळं का येतं ते स्वतःच्या शब्दांत लिहा. आता तुमचे प्रश्न घेऊ.