ओबोचे लाकूड आणि त्याची निगा

ओबो हे सनईप्रमाणे दुहेरी पत्तीचे सुषिर वाद्य. त्याची नळी शंकूसारखी असून वरच्या टोकाशी जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद असते. त्यामुळे तिथला सूक्ष्म बदलही वादनात जाणवतो. बहुतेक ओबो टांझानिया, मोझांबिक भागातल्या ग्रेनाडिला या जड, काळ्या लाकडाचे असतात. थंड खोलीत वाजवताना दमट, उष्ण श्वासाने हे लाकूड आतून फुगते, बाहेरून कोरडेच राहते आणि वरच्या भागाला तडा जाऊ शकतो. म्हणून नवा ओबो सुरुवातीचे काही आठवडे रोज थोडाच वेळ वाजवतात. प्लास्टिकच्या ओबोला ही भीती नाही. शाळांसाठी तोच शहाणपणाचा. स्वराच्या दर्जाचे श्रेय लाकडाला सर्रास दिले जाते, पण नळी किती अचूक कोरली आहे याला त्याहून अधिक महत्त्व आहे.

वाजेनाशा झालेल्या ओबोचा दोष बहुधा लाकडात नसतोच. चावीखालची एखादी गादी नीट बसली नाही, की हवा गळते आणि खालचे स्वर निघेनासे होतात. चाव्या एकमेकींत गुंतलेल्या असल्याने एखादा बारीक स्क्रू किंचित फिरला तरी हेच घडते. वादनानंतर रेशमी कापड आतून ओढून ओल काढतात. छिद्रात साचलेले पाणी सिगारेटच्या पातळ कागदाने टिपतात. पत्ती बोरूसारख्या गवताची असते. ती आधी पाण्यात भिजवावी लागते आणि लवकर झिजते, म्हणून अनेक व्यावसायिक वादक पत्त्या स्वतःच तासतात.