नामावलीबाहेरचे वादक

कोकणातून मुंबईकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या पनवेल सोडल्यावर दिव्याला मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गास मिळतात. आजारी नातवाला घेऊन शहराची वाट धरणारा आजोबा या फलाटावर कोणास नवलाचा वाटणार नाही. असेच एक आजोबा-नातवंड संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ या चित्रपटात होते. डोळ्याच्या कर्करोगामुळे दृष्टी गमावणार असलेला परशुराम आणि त्याला ते कसे सांगावे या विवंचनेतला आजोबा, एवढेच त्याचे कथासूत्र. २००३ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, आणि ‘श्यामची आई’नंतर अर्धशतकाने मराठीला हा मान लाभला. ‘श्यामची आई’चे संगीत वसंत देसाई यांचे, ‘श्वास’चे भास्कर चंदावरकर यांचे. देसाईंच्या वाट्याला निदान गाणी तरी आली. ‘श्वास’ हा गाण्यांच्या आधारावर उभा राहिलेला चित्रपट नव्हे. तेथे जे काही सांगायचे ते पार्श्वसंगीताने, आणि त्याहूनही अधिक त्याच्या अभावाने सांगायचे होते.

भावनाप्रधान चित्रपटाचे पार्श्वसंगीत रचणे हे काम वरकरणी सोपे आणि वस्तुतः अतिशय अवघड आहे. पडद्यावर आई रडू लागली की व्हायोलिनांचा ताफा सुरू करावा, ही रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की प्रेक्षकाला केव्हा गहिवरायचे हे वाद्येच बजावून सांगतात. जाणता संगीतकार संकलित चित्रपट दिग्दर्शकाबरोबर पाहतो तेव्हा संगीत कोठे घालावे यापेक्षा ते कोठे घालू नये याचा विचार तो आधी करतो. मग प्रत्येक तुकड्याची लांबी सेकंदांत मोजली जाते, स्वररचना होते, आणि अरेंजर प्रत्येक वाद्यासाठी स्वरलेखन करतो. पूर्वी ध्वनिमुद्रणाच्या थिएटरात पडद्यावर रीळ चाले, संचालकाचा एक डोळा पडद्यावर आणि दुसरा वादकांवर असे. पन्नास वादकांपैकी एक चुकला तरी सारा टेक पुन्हा घ्यावा लागे. आता वादक कानाला यंत्र लावून, ठोक्यांच्या आधारे, एकेकटा येऊन आपला भाग वाजवून जातो. शेजारचा काय वाजवणार आहे हे पुष्कळदा त्याला ठाऊकही नसते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या कामाची एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. पार्श्वसंगीत सर्वांत शेवटी होते. चित्रीकरण लांबले, नटांच्या तारखा वाढल्या की खर्चाची जी तूट येते, ती शेवटच्या माणसाच्या वाट्यातून भरून निघते. संगीताला उरलेला पैसा आणि उरलेले दिवस मिळतात. ‘पथेर पांचाली’चे (१९५५) संगीत रविशंकर यांनी सुमारे अकरा तासांच्या एका बैठकीत ध्वनिमुद्रित केले, हा दाखला निर्माते मोठ्या हौसेने देतात. रविशंकरांची प्रतिभा सर्वमान्य आहे. परंतु एखाद्या प्रतिभावंताने टंचाईवर मात केली म्हणून टंचाई हे धोरण ठरत नाही.

यंत्राने या व्यवहारात नवा अध्याय सुरू केला. दिव्यासारख्या ठिकाणच्या भाड्याच्या एका खोलीत, खिडकीखालून गाड्या धडधडत असतानाही, एखादा तरुण आज संगणकावर पन्नास व्हायोलिनांचा आभास निर्माण करू शकतो. याचे स्वागतच केले पाहिजे. ज्याला पूर्वी ताडदेवच्या स्टुडिओची पायरी चढता आली नसती, त्याला आता लघुपटाचे का होईना, संगीत करता येते. मात्र संगणकातील ते व्हायोलिनही कोणीतरी कधीतरी वाजवलेलेच असते. एकेक स्वर त्याच्याकडून वाजवून घेऊन साठवलेला असतो, आणि ज्याला एकदाच मोबदला मिळाला अशा वादकाच्या बोटांवर पुढची शेकडो कामे होतात.

मोबदल्याचा हा प्रश्न कायद्याने निम्माच सोडवला आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी रॉयल्टीतला आपला समान वाटा संगीतकार व गीतकार यांना सोडून देता येणार नाही, असे ठरले. कारकुनापासून प्राध्यापकापर्यंत कोणालाही निवृत्तिवेतनाचे मोल ठाऊक असते. कलावंताला रॉयल्टी म्हणजे तेच. याच दुरुस्तीने कला सादर करणाऱ्यालाही व्यापारी वापरातून रॉयल्टीचा हक्क दिला. पण व्याख्येत एक मेख आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक वा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या नित्य प्रथेनुसार ज्याचा उल्लेख श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कोठेही होत नाही, त्याला ‘कलावंत’ मानले जाणार नाही. कामाचा विपर्यास झाल्यास दाद मागण्यापुरताच त्याला अपवाद. हे शब्द कदाचित गर्दीत उभ्या राहणाऱ्या माणसांसाठी योजले असतील. परंतु दुसऱ्या ओळीत बसून व्हायोलिन वाजवणाऱ्यालाही कोणी वकील त्यात सहज कोंबू शकेल. नाव घालायचे नाही ही प्रथा, आणि नाव नाही म्हणून हक्क नाही हा तिच्यावर बेतलेला कायदा! सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुळाची कहाणी महाराष्ट्राने पूर्वी ऐकलेली आहे.

अमेरिकेत चित्रपट दूरचित्रवाणीला वा अन्य माध्यमांना विकला गेला की त्या उत्पन्नाचा काही भाग मूळ ध्वनिमुद्रणात वाजवलेल्या वादकांना वाटण्याची व्यवस्था १९७२ पासून आहे. ती संघटनेच्या कराराने मिळाली. आपल्याकडे काय झाले? सबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या अरेंजरांनी हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाची भाषा शिकवली. पण गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोहोचले ते ‘अमर अकबर अँथनी’तल्या (१९७७) एका गाण्यामुळे, आणि ते गाणे रचणाऱ्या जोडीतले प्यारेलाल हे त्यांचेच शिष्य होते. शिष्याला आठवण झाली, एवढेच गुरूचे श्रेय. बाकीच्या असंख्य वादकांच्या आठवणी संकलित करण्यास न्यूझीलंडहून ग्रेगरी बूथ यांना यावे लागले. त्यांचे पुस्तक २००८ साली निघाले.

नामावली लांबते, ही निर्मात्यांची जुनी सबब होती, आणि एके काळी तिच्यात थोडे तथ्यही होते. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट धावे आणि दर फुटाला, दर प्रतीला पैसे पडत. आता चित्रपटगृहांत रिळे येत नाहीत. चाळीस वादकांची नावे पडद्यावरून सरकण्यास लागणाऱ्या अर्ध्या मिनिटाचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आहे. तरीही आज बहुतेक चित्रपटांच्या अखेरीस वाहनचालकांची, चहापाणी पुरवणाऱ्यांची नावे योग्यपणे झळकतात, आणि व्हायोलिनांच्या जागी नुसता ‘वाद्यवृंद’ हा एक शब्द येऊन जातो.