कमी खर्चात हेमलकसा: एसटीने कसे जाल, कधी जाऊ नये?

हेमलकसाच्या सहलीचा खर्च वाढतो तो भाड्याच्या गाडीमुळे. ती टाळायची तर रेल्वेने बल्लारशाह किंवा चंद्रपूर गाठा आणि एसटीने आलापल्लीला या. पुढे भामरागडच्या रस्त्यावर सुमारे ६० किलोमीटर जंगल ओलांडले की भामरागडच्या थोडे अलीकडे हेमलकसा लागते. एसटीत महिलांना निम्मे तिकीट आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. वयासाठी आधार कार्ड जवळ ठेवा. गाड्या मात्र मोजक्याच. त्यामुळे परतीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारलेली बरी.

थंडीचे दिवस उत्तम. पावसाळ्यात पर्लकोटा नदी आणि वाटेतले नाले चढले की रस्ता बंद होतो, भामरागडचे अक्षरशः बेट होते. अशा वेळी अडकलात तर स्वस्त सहल महागात पडते.

राहण्याचे काय? हेमलकसा हे पर्यटनस्थळ नव्हे, हे इथे लक्षात घ्यावे लागते. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात दवाखाना, आश्रमशाळा आणि अनाथ वन्यप्राण्यांचे संगोपन चालते. तिथे मुक्काम करायचा असेल तर आधी कळवा. होकार आल्याशिवाय तिकीट काढू नका. दवाखान्यात दूरच्या गावांतून आलेले माडिया रुग्ण असतात. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि नाही म्हटले तर मोबाइल खिशात ठेवावा.

दिवस हाताशी असेल तर भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीचा संगम पाहून या. रोख पैसे मात्र आलापल्लीतच काढून ठेवा.